एकटी असल्याचा दाखला

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी दुसऱ्यांवर भरपूर तोंडसुख घेणार आहे.

परळच्या आमच्या चाळीत, शेजारच्या खोलीत मावशी राहते. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. तिची सगळी माणसं इस्रायलला गेली ती तिकडचीच झाली. नवरा गिरणीत होता, तो वारला. मूलबाळ नाही. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, त्यात डायबेटिस आणि ब्लडप्रेशर. शुक्रवारी संध्याकाळी ती तेलाचा दिवा लावते आणि धर्माप्रमाणे शनिवारी गॅस पेटवत नाही, म्हणून शनिवारचं जेवण आमच्याकडून जायचं. खरं तर रोजच काही ना काही जायचं. मटण मात्र नाही. त्यांच्या रीतीने कापलेलं नसतं, म्हणून ते तिला आमच्याकडचं चालत नाही आणि आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही.

गरीब, एकट्या ज्यू म्हाताऱ्यांना एक संस्था दर महिन्याला औषधं आणि शिधा देते, असं तिला सिनेगॉगमध्ये कळलं. अर्ज मी भरला. पाहणीला एक बाई आली. टॅबवर बोट फिरवत तिने विचारलं, रोज विचारपूस करणारं कोणी आहे का? मावशी तोंड उघडायच्या आत मी दारातून म्हणाले, "आम्ही आहोत ना. आम्ही काय मेलोय?"

चाळीत वाढलेल्या बाईच्या तोंडून दुसरं काय येणार? शेजारीण उपाशी राहते असं म्हणायचं म्हणजे आमचीच अब्रू जायची. बाईने हसून काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, कौतुक लिहितेय.

महिन्याभराने फोन आला. अर्ज नामंजूर, आजी 'एकाकी' या गटात बसत नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटीभर आमटीपायी मावशीच्या गोळ्या गेल्या होत्या. आमटीने डायबेटिस बरा होतो का, असं मी त्या फोनवरच्या माणसाला विचारलं. तो फार नम्र होता. असल्या नम्रपणाची मला भयंकर चीड येते, धड भांडताही येत नाही. म्हणाला, यादी मोठी आहे, ज्यांना कोणीच नाही त्यांना आधी. म्हणजे म्हातारीने आधी पुरतं वाऱ्यावर पडायचं, मग हे धावत येणार.

दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा मी मावशीला पढवलं. कोणी येत नाही, कोणी विचारत नाही, एवढंच सांगायचं.

"तुमचं खाऊन तुम्हालाच नाही म्हणू?" ती म्हणाली.

मी तिच्यावर ओरडले. गोळ्या हव्यात की खरेपणा, असं विचारलं तिला. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पाहणीच्या दिवशी तिच्या घरातले आमचे डबे उचलून आणले आणि आमच्या खोलीत भिंतीला कान लावून उभी राहिले. या वेळी बाई दुसरी होती, प्रश्न तोच. मावशीचा आवाज आला.

"कोणी नाही. माझं इथे कोणीच नाही."

इतकं सरळ म्हणाली की मला गलबलून आलं.

अर्ज मंजूर झाला. शिधा आला, गोळ्या आल्या. सोबत एक पत्र होतं, की पुढची पाहणी न कळवता कधीही होईल. ते मीच तिला वाचून दाखवलं, मोठ्याने, आनंदाने.

त्या शनिवारी दुपारी वरणभात घेऊन गेले तर आतून कडी. मावशीने दार बोटभर उघडलं आणि माझ्या मागे गॅलरीत दोन्हीकडे बघितलं.

"नको येऊ गो बाय. कोणी बघितलं तर औषध बंद करतील."

दोन महिने झाले. शनिवारी ती शुक्रवारचं गार झालेलं खाते, कडी लावून, एकटी. संस्थेला हवी होती अगदी तशी.