गिटारवाल्याच्या हातात नारळ

गाणं रंगात आलं की टॉवेल-नारळ घेऊन एखादा माणूस स्टेजवर चढतो, त्यात आमच्याकडं कुणालाच काही गैर वाटत नाही. भजन असो की लग्न, आवडलं की उठायचं, गाणाऱ्याच्या खांद्यावर टॉवेल टाकायचा, हातात नारळ द्यायचा, हाच आमचा आहेर. गाणं संपायची वाट कोण बघत बसतं? ही रीत त्या बँडवाल्यांच्या कानावर घालायला मी विसरले. अक्कल गहाण पडली होती माझी.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात मी नवी लेक्चरर. गॅदरिंगला बंगळूरहून एक जुना रॉक बँड येणार होता. जुना म्हणजे किती, तर ड्रमवाल्याची दाढी पांढरी आणि गिटारवाल्याला गाण्यांची यादी वाचायला चष्मा. पण गिटारवर यमन वाजवायचे, आणि जातील तिथला एखादा लोकवादक सोबत उभा करायचे. आमच्याकडं संबळवाला हवा म्हणाले. मी म्हटलं, माझा काकाच वाजवतो की.

काका आमच्या गावी, खजुरीत, शेती करायचा आणि गोंधळ्यांच्या सोबतीनं संबळ वाजवायचा. माझ्या वडलांना, अप्पांना, ते मुळीच खपत नसे. आमच्या लिंगायत घरात इष्टलिंगाची पूजा, तिथं देवीच्या गोंधळाचा संबळ कशाला, असं त्यांचं म्हणणं. आळंद गावातल्या आपल्या किराणा दुकानात बसून ते जगाच्या गप्पा मारत, पण धाकट्या भावाचा विषय निघाला की तराजू पुसायला घेत. आयुष्यात एकदाही त्यांनी त्याचा संबळ ऐकला नव्हता. काका मला म्हणाला, "अण्णाला, तुझ्या अप्पाला, घेऊन ये. एकडाव बसून ऐकू दे. मग शिव्या दिल्या तरी चालतंय."

मी अप्पांना गळ घातली.

"त्यो वाजवायलाय व्हय तिथं?"

"व्हय."

"मग मी कामून येऊ?"

तरी आले. इस्त्रीचं धोतर नेसून, काखेत पिशवी घेऊन, पहिल्या रांगेत बसले.

दुपारी चारला बँड उभा राहिला. गिटारवाल्यानं आधीच बजावलं होतं, वाजवताना स्टेजवर कुणी चढलं तर आम्ही थांबणार आणि सामान गुंडाळणार. काका कडेला संबळ कमरेला बांधून उभा होता. गिटारनंतर त्याची पाळी.

आणि काय वाजवलं त्या म्हाताऱ्यांनी! पोरं खुर्च्यांवर चढली. मी पण पदर खोचून नाचायला लागले, लेक्चररपण गेलं चुलीत. गिरकी घेताना दिसलं, पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी.

अप्पा स्टेजवर होते. गिटारवाला डोळे मिटून तंद्रीत होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, तारांवरचा उजवा हात धरला आणि त्यात नारळ दिला. आवडलं होतं हो त्यांना. गिटार बंद पडली. ड्रम थांबला. प्रिन्सिपॉल माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागले. झालं, काकाची पाळी बुडाली, आणि बुडवली कुणी तर त्याच्याच भावानं.

पण आहेर चालू असताना वाद्य गप्प ठेवायचं नाही, ही पण आमचीच रीत. काकाच्या हातांना बँडची अट काय ठाऊक! त्यानं संबळावर काडी टाकली. थांबलेल्या ड्रमची लय बरोब्बर तिथून उचलली. पांढऱ्या दाढीवाला आधी बघतच राहिला, मग खदखदून हसला आणि संबळामागं त्यानं ड्रम दौडवला. गिटारवाल्यानं नारळ स्पीकरवर ठेवला. तो तिथं थरथरायला लागला, तसा गिटारवालाही हसत सुटला आणि टॉवेलसकट यमनात शिरला. अप्पांना खाली उतरवायला दोन शिपाई गेले, त्यांना अप्पांनी हातानंच बाजूला केलं. मध्येच उभे राहून मान हलवत त्यांनी सगळं ऐकलं. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं.

वाजवणं थांबलं. अप्पांनी पिशवी चाचपली. नारळ एकच आणला होता, तो पाहुण्याला गेला. माईकजवळ जाऊन काकाकडं बोट दाखवत म्हणाले, "ह्याचा आहेर घरी करतो."

आहेर घेणारा आपला कोण, ते आमच्याकडं माईकवर सांगावं लागतं. पोरं वाट बघत होती. अप्पा दोनदा खाकरले.

"माझा पाठचा भाऊ हाय ह्यो," म्हणाले. मग कुणाला समजलं नसेल म्हणून तेच पुन्हा कानडीत सांगितलं.