भाऊंच्या नावाचं लायसन्स

त्या सकाळी सव्वानऊ वाजून गेले तरी नंबर आला नाही. रायपूरच्या गुढियारीतल्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात रोज सव्वानऊला रोबोट सुरू होतो. रोबोट म्हटल्यावर कुणी हातापायांचा पुतळा डोळ्यांपुढे आणू नका. मालाच्या बिल्टीवरची, म्हणजे पाठवणीच्या पावतीवरची, माहिती सरकारी पोर्टलवर, आमच्या खात्यावर आणि गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर अशी तीन ठिकाणी आपणहून भरणारं ते एक सॉफ्टवेअर आहे. ते चालू करायला सहा आकड्यांचा ओटीपी लागतो. तो यायचा मनोहर रामटेके यांच्या, म्हणजे आमच्या भाऊंच्या, मोबाईलवर, कारण लायसन्स त्यांच्या नावावर होतं. ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला असत, पण तिथूनही नंबर कधी चुकला नव्हता. मी तीन फोन केले. चौथा उचलला गेला तशी मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, समोरच्याला बोलूच न देता सुरू झाले. "भाऊ, नंबर द्या न! गेटवर चार गाड्या उभ्या आहेत. आज झोपूनच राह्यले का?"

पलीकडे वहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "मीनल... पहाटे गेले ते."

झोपूनच राह्यले का, असं मी विचारलं होतं. दीड महिना झाला, ते वाक्य माझ्या मनातून हललेलं नाही. भाऊंना कुणी सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते, हेही मला ठाऊक आहे. त्याने काही सुटका होत नाही.

भाऊ मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला आले आणि रायपूरचेच झाले. भाऊंनीही पोरवयात धक्क्यावर पोत्यांना मार्का मारला, वाघिणींचे, म्हणजे मालगाडीच्या डब्यांचे, नंबर टिपले, आणि पुढे आमच्या सेठजींकडे बुकिंग बाबू म्हणून लागले ते अखेरपर्यंत. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, ब्राह्मणपाऱ्यातली, कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन आलेली, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना शहाणपण शिकवायला निघालेली. आमच्या घरातल्या कुणी गुढियारीत पाऊलही टाकलेलं नव्हतं. भाऊंनी मला पहिल्या दिवशी धक्क्यावर नेलं, हमालांच्या पंगतीत उभ्याने आलूगुंडा, म्हणजे इकडचा बटाटेवडा, खायला घातला आणि म्हणाले, "बिल्टी समजून घ्याची असन तं पोतं पाहून घे पोट्टी. कागदात काई नसते." तेव्हापासून ते माझे भाऊ झाले.

रोबोटचं खूळ माझं. एका कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने पडद्यावर बाण आपोआप फिरताना, रकाने भराभरा भरताना दाखवले. मी टाळ्या वाजवल्या, सेठजींनी वाजवल्या. बिल्ट्या भरणाऱ्या आमच्या दोन मुली, हेमलता आणि सरिता, मागे उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हेमलता घरात एकटी कमावणारी होती, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी मी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझं लक्ष त्या पडद्यात होतं.

सेठजी खुशीत म्हणाले, "रामटेके बाबू, मशीन को तनखा नहीं देनी पड़ती." भाऊंनी मान डोलावली, एक जुनी बिल्टी उलटी करून टेबलावर ठेवली आणि त्या माणसाला विचारलं, "भैया, भाड़ा तो बताया आपने. अब हमाली बताओ."

तो गोंधळला. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. रोबोटचं लायसन्स दर वर्षाचं होतं. त्याला काम शिकवायच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स निराळं होतं. त्याच्यावर देखरेख करणाऱ्या प्रणालीचं आणखी निराळं. हाताने लिहिलेली बिल्टी वाचून घ्यायची असेल तर पानामागे पैसे. पुढच्या वर्षी दर काय असेल, ते पुढच्या वर्षी कळणार. भाऊ सगळं त्या कागदाच्या मागे लिहीत गेले, आणि शेवटी त्यांनी विचारलं, की आठ दिवस गाड्या बंद राहिल्या, रोबोटला कामच नसलं, तर काय? तो म्हणाला, लायसन्स तर वर्षाचं आहे सर, काम असो नसो. भाऊंनी खाली ठळक अक्षरात लिहिलं : डेमरेज. वाघीण धक्क्यावर उभी राहिली, माल वेळेत उतरला नाही, तर तासागणिक जो दंड बसतो, तो हा. धक्क्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

लायसन्स दोन प्रकारचं होतं. मोठं घेतलं तर रोबोट कुणी नसतानाही चालणार, रात्रंदिवस. त्याचा वर्षाचा खर्च जवळजवळ दोन मुलींच्या पगाराएवढा होता, आणि तो कुठून काढायचा हे सेठजींनी मुलींच्या देखतच बोलून दाखवलं. लहान लायसन्स बरंच स्वस्त होतं, पण ते एका माणसाच्या नावावर, आणि कुणीतरी कॉम्प्युटरपुढे बसलेलं असेल तेव्हाच चालणार. मला मोठंच हवं होतं. खरं सांगते, त्यात कंपनीचं हित कमी आणि माझा तोरा जास्त होता. इतक्या मोठ्या प्रणालीची मी प्रमुख, असं चारचौघांत सांगायला मिळालं असतं. भाऊ अडून बसले. लहानच घ्यायचं, जमलं नाही तर पुढे पाहू. मी चिडून म्हणाले, "भाऊ, तुम्ही जमान्याच्या मागे आहात."

"हव," ते म्हणाले. "गार्डचा डबा मागंच असते न."

मला वाटलं, म्हातारा कंजूष आहे. घरी येऊन नवऱ्याला तसं म्हणालेही.

लहान लायसन्सच्या अर्जात एक नाव आणि एक मोबाईल नंबर भरायचा होता. कुणाचं नाव द्यायचं यावर अर्धा तास खल झाला. मुलींची लग्नं होतात, मुलं नोकरी बदलतात, आणि मी तर तेव्हा कुठे कुठे अर्ज करत होतेच. सेठजी म्हणाले, "रामटेके बाबू का डालो. ये कहाँ जाएँगे?" सगळे हसले. भाऊ सगळ्यांत मोठ्याने हसले. ऑफिसातल्या सगळ्यांत वयस्क, साखरेने बेजार माणसाच्या नावावर आम्ही ते लायसन्स घेतलं, कारण तोच एक कुठे जाणार नाही याची आम्हांला खात्री होती. असा हिशेब आमच्याच ऑफिसात होऊ शकतो.

रोबोट आला. भाऊ त्याला "नवा बाबू" म्हणत. तीनेक महिन्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर कुणीतरी पडदा बदलला, बटणं इकडची तिकडे झाली, आणि नवा बाबू इमानेइतबारे चुकीच्या जागी टिचक्या मारत सुटला. हेमलता पुढे बसलेली होती. तिनेच ओरडून सांगितलं, "दीदी, ये तो रद्द वाला दबा रहा है!" सातआठ बिल्ट्यांवर निभावलं. कुणी बसलेलं नसतं तर सकाळपर्यंत सगळा माल रद्द झाला असता. मी खाली मान घालून बसले होते, आता भाऊ टोमणा मारणार म्हणून. त्यांनी आलूगुंडे मागवले, पहिला हेमलताच्या हातात दिला आणि म्हणाले, "आज से तू नवे बाबू की गार्ड." मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

पुढे मूत्रपिंडांनी दगा दिला. समता कॉलनीतल्या दवाखान्यात आठवड्यातून दोन सकाळी डायलिसिस. तरी सव्वानऊला फोन यायचा. नंबर ते वाघिणींचे सांगत तसा जोडीजोडीने सांगायचे. "एकेचाळीस... शून्य सात... अठ्ठ्याऐंशी." आणि मग दर वेळी, न चुकता, "सोडा गाडी." मागे यंत्राची घरघर, कुणा सिस्टरचं बोलणं, वहिनींचं "आता ठेवा तो फोन". मी म्हटलं होतं एकदा, नाव बदलून टाकू भाऊ, तुम्हाला कशाला ताप. ते रागावले. मुदतीच्या मध्ये नाव बदलायला कंपनी वेगळी फी मागते, ती काहून द्यायची, असं म्हणाले. ते कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. सव्वानऊला आपल्यावाचून काहीतरी अडतं, ही गोष्ट त्यांना हवी होती.

शेवटची भेट दवाखान्यातच झाली. हात यंत्राला जोडलेला, पाय सुजलेले. मी संत्री घेऊन गेले होते आणि डॉक्टरांनी संत्री बंद केलीत हे वहिनींनी हळूच सांगितलं. म्हणजे तिथेही मी शहाणीच. भाऊ म्हणाले, "त्या लायसन्साचं काय करून राह्यले तुमी? दीड-दोन महिन्यात मुदत संपते." मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, "तुले वाटलं असन मी पैशे वाचवले. मोठं वालं माणसाबिगर चालते, मीनल. मले माणसाबिगर चालणारं नोको होतं. त्या दोन पोट्ट्या कुठं गेल्या असत्या?"

मला तेव्हा त्यांचे पाय धरायला हवे होते. मी म्हणाले, "तुम्ही आधी बरे व्हा," आणि पर्स उचलून निघाले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते दाखवायची मला सवय नाही. चार दिवसांनी ती सकाळ उजाडली.

नंतरचे चार दिवस नवा बाबू बंद होता. हेमलता आणि सरिता दोघी हातानेच बिल्ट्या भरत होत्या. नाव बदलायची फी सेठजींना नको होती. ते म्हणाले, "डेढ़ महीने की बात है, भाभीजी से नंबर ले लो." मी उसळले. ज्या घरातून माणूस गेला त्या घराला रोज सकाळी ओटीपी मागायचा? मी नाही करणार, म्हटलं. पाचव्या दिवशी हेमलताने सवयीने रोबोट सुरू करून पाहिला, आणि मिनिटभरात माझा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं "भाऊ".

वहिनी होत्या. "मीनल, ह्यायच्या मोबाईलवर नंबर आला आहे. तुमाले पाह्यजे असन न?" आणि त्यांनी तो सांगितला. जोडीजोडीने. एकेक जोडी सावकाश, भाऊ सांगत तशीच. मग फोन ठेवून दिला.

त्या दिवसापासून रोज सव्वानऊला वहिनींचा फोन येऊ लागला. मी एकदा म्हटलं, वहिनी, तुम्हाला त्रास होतो, आम्ही फी भरतो. "नोको," त्या घाईने म्हणाल्या, "मी वाट पाहून राहते न." सहा आकडे, आणि फोन बंद. भाऊंचे ते शेवटचे दोन शब्द तेवढे त्यांनी कधी म्हटले नाहीत. मीही कधी वाट पाहिल्यासारखं दाखवलं नाही. भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरात भन्तेजी वंदना म्हणत बसलेले, माणसं भरलेली, तरी सव्वानऊला त्या आत गेल्या आणि फोन आला.

दरम्यान मुदत संपत आली. कंपनीच्या माणसाने मोठ्या लायसन्सवर घसघशीत सूट देऊ केली आणि सेठजींचे डोळे चमकले. कोणतं घ्यायचं याचं टिपण मी लिहायचं होतं. भाऊंच्या खणात मला ती उलटी बिल्टी सापडली : भाडं, हमाली, पानामागचे पैसे, ठळक अक्षरात डेमरेज. मी ती तशीच सेठजींसमोर ठेवली आणि म्हटलं, सूट पहिल्या वर्षाची आहे, डेमरेज दर वर्षाचं आहे. आणि त्या दिवशी कुणी बसलेलं नसतं तर काय झालं असतं, तेही सांगितलं. सेठजींनी ती बिल्टी हातात घेऊन ते अक्षर वाचलं. "छोटा ही ले लो," म्हणाले, "और नाम इस बार किसी जवान का डालो." मी हेमलताचं नाव भरलं, मोबाईल नंबरही तिचाच. ती कागदावरचं आपलं नाव दोनदा वाचून गेली. हा सगळा खटाटोप मी भाऊंच्या बाजूने केला, पण ते ऐकायला ते नव्हते, आणि याचं मला फार वाईट वाटलं.

वहिनींना आदल्या दिवशी सांगितलं, की उद्यापासून नंबर तिकडे येणार नाही. त्या फक्त "हव" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला हेमलताच्या मोबाईलवर नंबर आला. तिने तो मोठ्याने वाचला, जोडीजोडीने, आणि नवा बाबू सुरू झाला. मी चहाचा कप उचलला तोच माझा फोन वाजला. भाऊ.

"मीनल, आज नंबर नाही आला."

"आता नाही येणार वहिनी. काल म्हटलं होतं न. हेमलताच्या मोबाईलवर आला."

"माहीत आहे मले..." त्या म्हणाल्या. पण त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली, आमच्याकडे गेटवर एक ट्रक मागे सरत होता, त्याचा आवाज त्यांनाही ऐकू जात असणार.

"आला न तिच्यावर? बरोबर आला?"

"हो, वहिनी. बरोबर आला."

"बरं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, अगदी हळू आवाजात, "मंग सोडा गाडी."