वळण

दवाखान्यात सिस्टरनी बाळाला काट्यावर ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "या महिन्यातही वजन वाढलं नाही हो."

माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या शोभाताई बाळाची आजी. त्या हसल्या. "नात आमच्याच वळणावर गेलीय. माझी आई अशीच काडी होती, मी तशी, ही मंगलही तशीच."

त्यांची लेक मंगल बाकावर बसली होती. ओठ पांढरट पडलेले. समोरचं काम लगेच उरकायची माझी सवय, म्हणून बाळंतिणीला लागेल ते सगळं सकाळीच पिशवीत भरलं होतं. डिंकाच्या लाडवांचा डबा मी तिच्या हातात दिला. "एक इथंच खा."

तिनं डबा उघडला, वास घेतला आणि झाकण पुन्हा लावलं. "घरी नेते, काकू. ह्यांना फार आवडतात, सासूबाईंनापण. उरला की खाईन मी."

शोभाताईंनी कौतुकानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "वळण लावलंय मी पोरीला. सगळ्यांचं झाल्याशिवाय घास घेत नाही."

'वळण' हा एकच शब्द त्या दोनदा बोलल्या, आणि पहिल्याचं कारण दुसऱ्यात होतं. आईनं मायेनं शिकवलेलं तिच्यासमोर चूक कसं म्हणायचं? आणखी एक डबा देता आला असता, पण त्याचंही झाकण असंच लागलं असतं.

बाळ रडायला लागलं. मंगलनं त्याला पदराखाली घेतलं. सगळ्यांचं झाल्यावर जे उरलं होतं, ते ती तान्ही पोर चोखत राहिली.