मास्तरांचा दुपारचा फोन

गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या अरुंद जागेत बसून जे गृहस्थ उभा जन्म लोकांचे कपडे शिवत आले, त्यांना सगळी गल्ली नुसते 'मास्तर' म्हणत असे. त्यांनी कोणाला कधी काही शिकवले नव्हते. कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणायचे, एवढेच. कारभार मात्र त्यांचा शाळामास्तराला शोभेल असा होता. कात्री डाव्या हाताला, खडू उजव्या हाताला, टेप गळ्यात. एखाद्या गिऱ्हाइकाने बोलता बोलता कात्री उचलून पाहिली, तर ते अवाक्षर बोलत नसत. कात्री पुन्हा तिच्या जागी ठेवत आणि त्या गिऱ्हाइकाचा कपडा मुद्दाम एक दिवस उशिरा देत.

अलीकडे मात्र उशीर करावा इतके कामच येत नसे. लोक तयार कपडे घेत आणि विजार लांब झाली, चेन बिघडली, बगलेत उसवले की तेवढ्यापुरते मास्तरांकडे येत. त्यातच मास्तरांची नजरही मंदावली होती. घरात मुलाचा पगार आणि सूनबाईंची काटकसर यांच्यावर गाडी चालली होती, आणि सूनबाईंच्या काटकसरीची नजर फिरत फिरत एके दिवशी मास्तरांच्या फोनवर येऊन थांबली.

फोन जुना, बटणांचा. त्याला दर महिन्याला मोठा रिचार्ज लागे: हवे तितके बोलणे आणि वर रोजचे नेट. सूनबाईंनी भाजी निवडता निवडता विषय काढला. तुमच्या फोनचा पडदा बोटभर, तो रोजचे नेट घेऊन करतो काय, अंगावर ओढून झोपतो काय, असे त्यांनी विचारले. त्यापेक्षा लहान रिचार्ज घ्यावा. नंबर चालू राहतो, बोलायला थोडी मिनिटे मिळतात, आणि येणारा फोन तर फुकटच असतो.

"शिवाय बाबा, तुम्ही आता बोलता तरी कोणाशी?" त्या म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावून भाजीकडे पाहू लागल्या.

मास्तर बघू म्हणाले आणि उठले. सूनबाईंचे म्हणणे पैशापैशाने खरे होते. पण त्या मोठ्या रिचार्जमागे जे होते, ते सूनबाईंना ठाऊक नव्हते. म्हणजे अर्धे ठाऊक होते.

मास्तरांना एक थोरली बहीण होती, ताई. दोघे वडिलांच्या हाताखाली याच जागेत वाढले. मास्तर मशीनवर बसत, ताई पायरीवर बसून काज करी, बटणे लावी. मशीनकडे पाठ असूनही तिला केवळ आवाजावरून कळे, की बारक्याच्या हातात कॉलर आहे की बाही. आणि मशीन थांबले, की मान न वळवता ती मधल्या बोटातली पितळी टोपी, तिचे अंगुस्तान, पायरीच्या कडेवर दोनदा वाजवी. त्याचा अर्थ असा, की दोरा तुटला ना, मग ओव आणि चल पुढे. मास्तर साठी उलटलेले झाले तरी तिच्या लेखी बारक्याच राहिले.

ताईचे लग्न झाले ते रात्रभराच्या प्रवासावरच्या गावी, एका कचेरीतल्या हिशेबनिसाशी. लग्नाचा कोट वडिलांनी स्वतः शिवला होता. भावोजींनी लग्नानंतर त्याच्या बाह्या उसवून दुसऱ्या कोणा शिंप्याकडून लांब करून घेतल्या. वडिलांनी हे ऐकले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. वर भावोजींनी ताईला बजावलेच, की यापुढे दुसऱ्यांच्या कपड्यांना बटणे लावायची नाहीत. तेव्हापासून मेहुण्या-मेहुण्यांत 'कसे आहात' आणि 'बरे आहे' याच्या पुढे संभाषण गेले नाही. बाह्यांची गोष्ट ऐकायला लहान वाटते. पण शिवणाऱ्याच्या घरात ती लहान नसते.

ताईला मूलबाळ झाले नाही. म्हातारपणी तिचे अर्धे अंग गेले आणि वाचाही गेली. मास्तर भेटून आले तेव्हा ती नुसती पाहत राहिली. परत आल्यावर त्यांना काही सुचेना. मग त्यांनी खणातले जुने अंगुस्तान तिला धाडून दिले, मोठा रिचार्ज मारला, आणि दुपारच्या चहाआधी ताईच्या घरी फोन लावला. तिला सांभाळणाऱ्या बाईने तो तिच्या उशीपाशी ठेवला. मास्तरांनी आपला फोन मशीनजवळ उभा केला आणि काही न बोलता शिवायला बसले. थोड्या वेळाने दोरा तुटला. मशीन थांबले. आणि फोनमधून, पलंगाच्या लोखंडी दांडीवर डाव्या हाताने वाजवलेले दोन ठोके आले.

पुढे कित्येक महिने रोज हेच. तासन्‌तास फोन चालू असे आणि दोन्हीकडून शब्द निघत नसे. येणाजाणाऱ्यांना वाटे, मास्तर फोन बंद करायला विसरले.

मग ताई गेली. एवढे सूनबाईंना ठाऊक होते.

ठाऊक नव्हते ते असे, की तिकडचे सगळे आटोपून मास्तर पुन्हा कामाला बसले, त्या पहिल्याच दुपारी हाताने सवयीने ते बटण दाबले. चूक ध्यानात येईपर्यंत तिकडे फोन उचलला गेला होता. हॅलो नाही, कोण नाही. सांभाळणारी बाई काम सोडून गेली होती. घरात भावोजींखेरीज कोणी उरले नव्हते. काय बोलावे ते मास्तरांना सुचेना आणि बंद करणेही जिवावर आले. त्यांनी फोन मशीनजवळ ठेवला आणि समोरची विजार शिवायला घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले, आणि मग रोजच होऊ लागले. ठोके येत नसत, पण कोणीतरी आहे असे मास्तरांना वाटे. तो हिशेबी म्हातारा रिकाम्या घरात कानाशी फोन धरून बसला असेल, या कल्पनेने त्यांच्या मनातली जुनी गाठ सैल होऊ लागली. लांब, सरळ शिवणीची कामे ते मुद्दाम दुपारसाठी राखून ठेवू लागले, म्हणजे ऐकणाऱ्याला खंड पडू नये.

आता लहान रिचार्ज घेतला, तर ही दुपार चार मिनिटांत आटपायला हवी. तसे करायचे तर कारण सांगायला हवे, आणि कारण सांगायचे तर बोलायला हवे. जे न बोलण्यावर उभे होते ते बोलल्यावर टिकेल, याचा मास्तरांना भरवसा वाटेना. सूनबाईंचे एक वाक्यही डोक्यात घोळत होते: येणारा फोन फुकट असतो. ऐकायचे असेल तर माणूस आपणहून लावील की.

अशा विचारात रिचार्जची मुदत संपली. मास्तरांनी मोठाही मारला नाही, लहानही मारला नाही. मुदत संपली तरी येणारा फोन काही दिवस चालू राहतो, हे त्यांना ठाऊक होते. दुपारी फोन समोर ठेवून ते शिवत बसले आणि दर थोड्या वेळाने त्या बोटभर पडद्याकडे पाहू लागले. फोन वाजला नाही. दुसऱ्या दुपारीही वाजला नाही. मास्तरांनी एका गिऱ्हाइकाची विजार दोनदा उसवली. त्यांना रागही आला आणि काळजीही वाटली, आणि संध्याकाळपर्यंत काळजी वरचढ ठरली. एकटा माणूस, पडला-झडला असेल तर?

घरी जाऊन त्यांनी सूनबाईंचा फोन मागितला. सूनबाईंनी कोणाला लावायचा म्हणून विचारले नाही. हात पुसून फोन दिला आणि गॅस बारीक करून तिथेच उभ्या राहिल्या.

नंबर अनोळखी असल्यामुळे तिकडून या खेपेस आवाज आला. "कोण?"

"मी," मास्तर म्हणाले. "भावोजी, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीये. तुझा फोन दोन दिवस आला नाही."

"रिचार्ज संपला होता."

"अस्सं." भावोजी म्हणाले. "मी वाट बघितली. दुपारी मला कुठं जाता येत नाही ना, तुझ्या फोनपायी."

मास्तरांना बरे वाटले. धीर करून त्यांनी विचारले, "तुम्ही रोज ऐकत होता?"

"मी? मला त्यातलं काय कळतंय? मी उचलून तिच्या उशीपाशी ठेवायचो आणि ओट्यावर येऊन बसायचो. तू तिलाच लावायचास ना?"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"तुम्हा दोघांच्या मध्ये मी कधी बसलोय?" भावोजी म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. हिशेब वाचून दाखवावा तसे ते बोलत होते. "गादी अजून तशीच घातलेली आहे. शेजारचे म्हणतात, काढा आता, खोली मोकळी करा. पण तुझा फोन यायचा, मग काढणार कशी? म्हटलं, हा थांबेल तेव्हा काढू. परवडत नसेल तर तसं सांग बाबा. मी गुंडाळून ठेवतो."

सूनबाई भिंतीला टेकल्या होत्या. पातेल्यातले करपल्याचा वास येऊ लागला तरी त्या हलल्या नाहीत. मास्तरांनी डोळे मिटले. इतके दिवस आपण शिवत होतो ते एका रिकाम्या पलंगाला ऐकवत होतो. आणि तिकडे एक माणूस, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून, तो पलंग घालून ठेवून बाहेर बसत होता. परवडण्याचा प्रश्न नव्हता. मनात आणले असते तर मास्तरांनी दोन विजारी जास्त शिवल्या असत्या.

"गुंडाळा, भावोजी," ते म्हणाले.



"बरं," भावोजी म्हणाले. "ती टोपी तुला पाठवू का? ती पितळी?"

"असू द्या तुमच्याकडं."

"बरं." फोन ठेवतील असे वाटले, पण ते घसा खाकरून पुढे म्हणाले, "आणि त्या कोटाच्या बाह्या बरोबर होत्या. माझे हात आखूड आहेत. चारचौघांत दिसू नयेत म्हणून मी लांब करून घेतल्या. तुझ्या वडिलांना सांगायचं राहून गेलं."

यावर मास्तर काय म्हणाले ते सूनबाईंना नीट ऐकू आले नाही. फोन परत देताना त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाने पुसून दिला.

सकाळी सूनबाई आपणहून म्हणाल्या, की राहू द्या तो मोठाच. मी उगाच बोलले. मास्तर म्हणाले, तू बरोबरच बोललीस. चप्पल घालून ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि लहान रिचार्ज मागितला. दुकानदाराने सवयीने बजावले, की यात बोलणे मोजकेच आहे हां मास्तर, मागाहून तक्रार नको. मास्तर म्हणाले, पुरेल.

त्या दुपारी त्यांनी फोन खणात ठेवला आणि खण लावून घेतला. एका पडद्याची लांब, सरळ शिवण आली होती. ती सकाळीच करता आली असती, पण दुपारसाठी राखायच्या सवयीने राहून गेली होती. मशीन चालू झाले. रस्त्यावरून कोणी हाक मारली, तिला त्यांनी मानेनेच उत्तर दिले. शिवण अर्ध्यावर आली असेल नसेल, तोच दोरा तुटला.

मास्तरांचे पाय पायट्यावर थांबले. सुई तशीच वर राहिली. ते मान किंचित कलती करून, पायरीच्या बाजूला कान देऊन बसले.

मग त्यांनी चष्मा वर केला, दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले, आणि सुईच्या भोकाशी नेले. पहिल्या खेपेस ते गेले नाही.