मापाची काचळी

टेलरकडे कपडा टाकायचा म्हणजे सोबत मापाचा जुना कपडा द्यायचा, ही हंसाबाईची जन्मभराची रीत. उमरखेडच्या बाजारात तिनं कधी टेप लावून घेतली नाही. तोच टेलर मोबाइलमध्ये जाऊन बसला की रीत बदलते, हे तिला तांड्यात कोण सांगणार?

लेकीचं, पुष्पाचं, लग्न ठरलं. पुष्पानं मोबाइलवरून लालभडक, आरशांची काचळी, म्हणजे बंजारा चोळी, मागवली. आली ती काखेत घट्ट. बदलून देतात म्हणत पुष्पानं पार्सल बांधून ठेवलं आणि शेळ्या सोडायला गेली. पार्सलवाला दारात उभा, तेवढ्यात हंसाबाईनं पेटीतून आपल्या आईची काचळी काढली. रुपीबाईनं स्वतः भरलेली, कवड्या लावलेली. आई गेल्यावर तिचं म्हणून एवढंच उरलेलं. पुष्पाला ती बेतोबेत बसायची. हंसाबाईनं ती पार्सलात कोंबली न् पुन्हा चिकटपट्टी मारून दिली.

नवी काचळी आली. अंगाला नेमकी बसली.

"पाह्य, माप कामी आलं," हंसाबाई खुशीत म्हणाली आणि पिशवी उलटी करून झटकली. पुन्हा झटकली. "आजीची कुठं हाय वो?"

"कोनती आजीची, याडी?" पुष्पानं आईला विचारलं.

"मापाले टाकलती ना म्या."

साइज तर पुष्पानंच मोबाइलवर बदलून टाकला होता.

मग फोन सुरू झाले. आधी मशीन बोललं, एक दाबा, दोन दाबा. मग गाणं वाजलं, मग फोनच कटला. दुसऱ्या दिवशी एक भला माणूस सापडला, त्यानं आजीच्या काचळीचा बारकोड मागितला. शेवटी एक पोरगी लाइनवर आली. नोंद एकाच वस्तूची आहे, म्हणाली. वरचं काही निघालं तर ते नष्ट करतात.

हंसाबाईनं फोन ओढून घेतला.

"नष्ट म्हन्जे कसं, बाई? जाळता का कापता?"

ती पोरगी हळूच म्हणाली, "मला खरंच माहीत नाही, मावशी." आणि लगेच पाठ केल्यासारखं, "आणखी काही मदत करू शकते का?"

हंसाबाईनं फोन पुष्पाच्या हातात दिला. ती ओट्यावर बसली, पदर तोंडावर घेतला आणि आईचं नाव घेऊन तिनं गळा काढला. रुपीबाई वारली तेव्हा काढला होता, तसाच.

शेजारची सुखीबाई पिठाच्या हातानंच धावत आली. "कोन गेलं वो, पुष्पा?"

पुष्पा नवी काचळी घालून दारात उभी होती.