कोण कोणाला विचारतं

सातपूरला एका वर्कशॉपच्या माडीवर गणिताचे क्लास घेणाऱ्या धनराज गांगुर्डे सरांना घरातला माठ कुठे असतो हे ठाऊक होतं, तो भरतं कोण हे नव्हतं. त्याची त्यांना लाजही नव्हती. उलट डोमेन आणि रेंज शिकवताना ते दरवर्षी स्वतःचंच घर फळ्यावर मांडत. दोन गोल काढायचे, दोन्हींत घरातली तीनच नावं: बायको शुभांगी, सासू नवसाबाई आणि स्वतः. 'जेवलात का' असं जो ज्याला रोज विचारतो, त्याच्याकडून त्याच्याकडे बाण. शुभांगीचे दोन बाण, नवसाबाईंचा लेकीकडे एक. बाण जिथून सुटतात ते डोमेन, जिथे पोचतात ती रेंज. मग पोरं ओरडायची, "सर रेंजमध्ये आहेत, डोमेनमध्ये नाहीत!" सरही हसायचे. आयतं ताट मिळणाऱ्याला हसायला काय जातंय!

फेब्रुवारीत शुभांगी कावीळ होऊन गेली. सर रडले नाहीत. लोक म्हणाले, माणूस घट्ट आहे. घट्ट कसला, बधिर झाला होता. चहा गार होता की गरम, हे त्यांना पिऊन झाल्यावर सांगता आलं नसतं. नवसाबाई स्वयंपाक करून झाकून ठेवत, सर कधीतरी झाकण उचलत. एका घरात राहून दोघं एकमेकांना दिसत नव्हती.

जूनमधल्या एका सकाळी नवसाबाई म्हणाल्या, "बापू, उद्या भिमाजी येतोय मला न्यायला. निफाडला जाते लेकाकडं. इथं आता माझं कोण हाय?"

सर "बरं" म्हणाले. थांबा म्हणावं असं मनात आलं होतं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही.

नेमकं त्याच दिवशी क्लासमध्ये ते प्रकरण आलं. हात सवयीने चालला. गोल, नावं, बाण. वर्ग एकदम चिडीचूप झाला, तेव्हा सरांनी डस्टर घेतलं. शुभांगीचं नाव पुसलं. तिचे बाण पुसले. नवसाबाईंचा बाण तिच्याकडेच जात होता, तोही पुसावा लागला.

पहिल्या बाकावरच्या तेजलने हळूच विचारलं, "सर, एकही बाण नसला तरी ते रिलेशन असतं?"

"असतं. एम्प्टी रिलेशन. डोमेन रिकामं, रेंजही रिकामी."

"आणि ती नावं?"

"सेटमध्ये, म्हणजे गोलात, असतात. फक्त डोमेनमध्ये नसतात, रेंजमध्येही नसतात."

उत्तर बरोबर होतं. मुलांनी उतरवून घेतलं. सरांना काहीच वाटलं नाही.

घरी आले तर दाराशी पिशवी भरून ठेवलेली. नवसाबाई मोरीपाशी भांडी पालथी घालत होत्या. चप्पल न काढताच सरांनी विचारलं, "मामी, जेवलात का?"

म्हातारीने मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आलंय की काय. कोणी नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "शुभांगी गेल्यापासून दुपारचं नाय जेवत मी. कोण विचारतंय?"

असंही उत्तर येऊ शकतं, हे सरांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी दोन ताटं काढली, आणि भाकरीचा डबा कुठे असतो ते विचारलं.

"खालच्या फळीवर. ध्यानात ठेवा, उद्या मी नाय."

"मग उद्या मी विचारायचं कोणाला?"

नवसाबाई हात पुसून ताटावर बसल्या.