डाव्या हातातली डबी

आधीच सांगतो, देव-भूत-चमत्कार यांतलं मला काहीही पटत नाही. मी कॉलेजात सायकॉलॉजी शिकवतो आणि असले किस्से घेऊन येणाऱ्या मुलांची यथेच्छ खेचतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहितो.

१९९८चा उन्हाळा. आम्ही मूळचे कागलचे, लिंगायत. तिथे आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, जनावरांच्या पेंडीचं दुकान होतं. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय आप्पा चहासुद्धा घेत नसत. त्यांना स्ट्रोक आला आणि कोल्हापुरात एका हॉस्पिटलात ते बेशुद्ध पडून राहिले. नर्सनं गळ्यातली डबी काढून अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातात दिली आणि नाकातल्या नळीतून पेज सुरू केली.

अव्वानं तिथंच जेवण सोडलं. "पूजेबिगर त्यांच्या पोटात अन्न घालतायसा. त्यास्नी समदं कळतंय की."

डॉक्टर म्हणाले, काही कळत नाही. मीही तेच म्हणत होतो. पण अव्वा चक्कर येऊन पडली तेव्हा मी घाबरलो. बाप हातातून चाललाच होता, आता आईसुद्धा... अव्वाला म्हटलं, त्यांना काही कळत नाही हे तुझ्या डोळ्यांसमोर सिद्ध करून दाखवतो.

माझीही एक डबी होती. शिकत असताना मी ती गळ्यातून काढली, अव्वानं लिंगासकट जपून ठेवली; ती कागलहून मागवली. दोन्ही डब्या कोल्हापूरच्या गुजरीतल्या एकाच सोनारानं घडवलेल्या, बाहेरून अगदी सारख्या; फक्त झाकणाच्या आत ज्याचं त्याचं नाव कोरलेलं. माझ्या बायकोनं, सुनंदानं, दोन्ही वॉर्डाबाहेर सारख्याच कापडात गुंडाळल्या. कुठली कुणाची हे फक्त तिलाच ठाऊक, आणि ती आत येणार नव्हती. आप्पांना फरक कळला नाही, तर अव्वानं जेवायचं, असं ठरलं.

पहिली डबी आप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवली. ती घरंगळून चादरीवर गेली. दुसरी ठेवली... आणि बोटं मिटली.

रिफ्लेक्स आहे, मी म्हटलं. धरलेली कुठली ते सांगून दोन्ही डब्या सुनंदाला बाहेर नेऊन दिल्या. तिनं कापड सोडून, झाकण उघडून बघितलं, नव्यानं गुंडाळल्या. पुन्हा तेच. परत एकदा... तरी तेच. एक घरंगळायची, एकीवर बोटं मिटायची. शेवटी सुनंदाला विचारलं, "आप्पा स्वतःचीच धरतायत ना?"

"न्हाई," ती म्हणाली. "दर वेळी तुमची."

आत जाऊन अव्वाला सांगितलं. तिनं आप्पांच्या मुठीकडे बघितलं. मग म्हणाली, "त्यांची पूजा जल्मभर झालीया. तुझीच ऱ्हायलीया रं, बसू बाळा." आणि त्या दुपारी ती जेवली.

आप्पा गेले ते शुद्धीवर न येताच. आमच्याकडे बसवून माती देतात, तळहातावर इष्टलिंग ठेवून. अव्वानं त्यांचं त्यांना दिलं आणि माझं मला.

नंतर मी गुपचूप दोन वर्षं यावर वाचत होतो. पुढे ज्या सहकाऱ्यांना सांगितलं ते म्हणतात, स्पर्शातला बारीक फरक असेल, योगायोग असेल, नाहीतर बायको गडबडली असेल. असेलही. पण यातलं एकही मला पुरत नाही, याचा राग येतो.

मी डबी आजही गळ्यात घालत नाही. मात्र आमचं कोल्हापुरातलं, शिवाजी पेठेतलं घर सोडलं तेव्हा सगळं सामान टेम्पोत चढवलं, आणि ती काही मला टेम्पोत टाकवेना. हातात धरली. एका हातानं स्कूटर चालवता येईना, म्हणून स्कूटर तिथंच ठेवून रिक्षा केली. नव्या घराशी उतरलो, तर सुनंदा माझ्या मुठीकडे बघत उभी.

हात डावा होता.